आधी आत्यांची नावं लिहा: आतड्याचा कॅन्सर घराण्यात आहे का, ते कसं तपासायचं

माझ्या धाकट्या भावाच्या फायलीत ती ओळ अकरा महिने पडून होती. ऑपरेशननंतर गाठीचा जो रिपोर्ट येतो, त्याचं तिसरं पान, खालून चौथी ओळ: 'एमएसएच२, एमएसएच६ – लॉस ऑफ एक्स्प्रेशन'. ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथे ती आम्हाला कुणी समजावून सांगितली नाही. केमोच्या तारखा, रजा, पैशांची जुळवाजुळव, यांत आम्हीही विचारली नाही. त्याच अकरा महिन्यांत माझी आत्या गर्भपिशवीच्या कॅन्सरसाठी दुसऱ्या हॉस्पिटलात दाखल झाली. भावाचा आजार आणि आत्याचा आजार एकाच मुळातून आलेले आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आत्या लग्न होऊन पनवेलला गेलेली. तिचं आडनाव वेगळं, फाइल वेगळी, डॉक्टर वेगळे.

मी डॉक्टर नाही. पोस्टात काउंटरवर तेवीस वर्षं काम करते. माहेर लालबागचं, वडील मिलमध्ये होते, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. आमच्या घरात गेल्या चार वर्षांत जे झालं, त्यातून कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर करायची हे आम्हाला उशिरा कळलं. तुम्हाला ते आधी कळावं म्हणून लिहिते आहे.

मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर घराण्यातून येत नाहीत. शंभर रुग्णांत साधारण तिघांना तो लिंच सिंड्रोममुळे, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या एका जनुकाच्या बिघाडामुळे होतो. पेशी दुपटताना डीएनएची नक्कल उतरते, आणि नक्कल म्हटली की चुका होतात. त्या चुका दुरुस्त करणारी चार जनुकं आहेत: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२. पाचवं एपकॅम. त्याचा शेवटचा तुकडा गळला तर शेजारचं एमएसएच२ बंद पडतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईची, एक वडिलांची. त्यातली एक जन्मापासून बिघडलेली असेल, तर कॅन्सर लवकर आणि पुन्हा पुन्हा होण्याची शक्यता वाढते. आई किंवा वडील यांपैकी एकात तो बिघाड असेल, तर प्रत्येक मुलाकडे तो येण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी. आणि तो पिढी सोडून येत नाही. ज्याच्याकडे आला नाही, त्याच्या मुलांकडे त्या बाजूने तो जाऊ शकत नाही.

दुसरा प्रकार एफएपी. त्यात एपीसी जनुक बिघडलेलं असतं आणि आतड्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी पॉलिप (आतल्या अस्तरावरचे लहान कोंब) उगवतात. तिथे वेळ फार कमी असतो, त्याचं पुढे सांगते. तिसरा एमयूटीवायएच या जनुकाचा. त्यात दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, म्हणून आईवडील धडधाकट असूनही भावंडांना तो होऊ शकतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत ज्या घरांत आहे, त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

आता कागद घ्या.

आमच्या गावच्या घरात चुलत्यांनी वंशावळ तसबिरीत लावून ठेवली आहे. सात पिढ्या आहेत तिच्यात. एकही बाई नाही. जनुकांच्या कामासाठी ती वंशावळ अर्धीही उपयोगी नाही, कारण अर्धी माणसं तिच्यात आलेलीच नाहीत. कोऱ्या कागदावर सुरुवात करा आणि लग्न होऊन गेलेल्या आत्या, त्यांची मुलं, मावश्या, आजीची भावंडं यांना आधी लिहा. आईची बाजू आणि वडिलांची बाजू वेगळी ठेवा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. कॅन्सर झाला असेल तर आत रंग भरा आणि बाजूला दोन गोष्टी लिहा: कशाचा, आणि कोणत्या वयात.

नुसतं 'घरात कुणाला कॅन्सर होता का?' असं विचारलंत तर उत्तर 'नाही' येतं. आमच्याकडेही आलं. जुन्या माणसांनी तो शब्द वापरलेलाच नसतो. थोरल्या काकूशेजारी मी दोन दुपारी बसले, तेव्हा निघालं ते असं: पणजी 'पोट फुगून' गेली. वडिलांच्या मोठ्या बहिणीच्या 'अंगावरून जायचं, थांबेचना'. एका काकांना 'संग्रहणी' होती, सगळं रक्त जाऊन ते पांढरेफटक पडले होते. माझ्या वडिलांचं तर घरात सगळे 'मूळव्याध' म्हणायचे. ते बावन्नाव्या वर्षी गेले. या शब्दांवरून निदान होत नाही, पण कुणाचे जुने कागद शोधायचे ते कळतं. कॅन्सर फक्त आतड्याचा शोधू नका. लिंचमध्ये गर्भपिशवी, अंडाशय, जठर, लहान आतडं, स्वादुपिंड, पित्तमार्ग, मूत्रवाहिनी, मेंदू यांचेही कॅन्सर येतात. आतड्याखालोखाल सगळ्यांत जास्त गर्भपिशवीचा, आणि तोच आपल्याकडे 'पिशवी काढली' एवढ्या दोन शब्दांत संपतो. का काढली हे विचारा. गाठी होत्या म्हणून, की आणखी काही?

वयं कुणाला आठवत नाहीत. मग मी घटना धरल्या. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा, म्हणजे १९६७ साली, होती का? १९८२ च्या संपात काका कामावर होते का? कोकण रेल्वे सुरू झाली त्याच्या आधी की नंतर? अशाने दोनतीन वर्षांच्या फरकाने वय हाती लागतं आणि तेवढं पुरतं. मृत्यूचे दाखले, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पुड्याच्या पाकिटावरचं डॉक्टरचं नाव, जे सापडेल त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

घरातल्या बाईच्या आठवणीचं मोल या शास्त्राला पहिल्यापासून माहीत आहे. १८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डॉ. ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं की आपण लवकर मरणार, कारण घरातले बहुतेक जण पोटाच्या किंवा गर्भपिशवीच्या कॅन्सरने जातात. ती तशीच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची नोंद ठेवली आणि १९१३ साली ती छापली. पुढे १९६० च्या दशकात डॉ. हेन्री लिंच यांनी अशीच घराणी अभ्यासली, त्यांचं नाव या आजाराला आहे. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराण्यातला बिघाड नंतर सापडला, तोही एमएसएच२ मध्ये. हे वाचलं त्या रात्री मी आमचा कागद पुन्हा उघडून बसले होते.

कागद भरल्यावर डॉक्टर एक जुना हिशेब लावतात, ३-२-१ चा: तीन नातेवाइकांना लिंचमधले कॅन्सर, त्यातला एक बाकी दोघांचा आईबाप, भावंड किंवा मूल, दोन लागोपाठच्या पिढ्या, आणि एकाला तरी तो पन्नाशीच्या आत झालेला. तो जुळला तर संशय दाट. पण न जुळला म्हणून गप्प बसू नका. आता घरात दोनच मुलं असतात, तीन आजारी नातेवाईक मिळणार कुठून? पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर झालेला एक माणूस, किंवा एकाच माणसाला दोन वेगळे कॅन्सर, एवढं विचारायला पुरेसं आहे.

तपासणीची सुरुवात गाठीपासून करायची

आमच्यासारखी चूक बहुतेक घरांत होते. घाबरलेली निरोगी माणसं आधी स्वतःचं रक्त द्यायला धावतात. आधी तपासायची ती रुग्णाची गाठ.

ऑपरेशन झालेल्या किंवा बायोप्सी घेतलेल्या तुकड्यावर आयएचसी नावाची तपासणी होते. चार जनुकांची चार प्रोटीन पेशीत दिसतात का, ते त्यात पाहतात. आतड्याच्या प्रत्येक कॅन्सरवर, वय काहीही असो, ही तपासणी करावी असं आता मानलं जातं. नक्कल दुरुस्त करण्याच्या या कामाला एमएमआर म्हणतात. तुम्ही डॉक्टरांना एवढंच विचारा: 'गाठीवर एमएमआर आयएचसी झालंय का? चारही प्रोटीन आहेत का?' रिपोर्टमध्ये 'इन्टॅक्ट' किंवा 'रिटेन्ड' असेल तर प्रोटीन आहेत. 'लॉस' असेल तर थांबा आणि पुढचा प्रश्न विचारा. एमएसएच२ आणि एमएसएच६ नाहीत, किंवा नुसतं एमएसएच६ वा पीएमएस२ नाही, तर घराण्याचा संशय बळावतो. एमएलएच१ आणि पीएमएस२ नाहीत, तर आधी बीआरएएफ किंवा मिथायलेशनची तपासणी लावतात, कारण वाढत्या वयात हे जनुक गाठीपुरतं बंद पडू शकतं आणि त्याचा घराण्याशी बहुधा संबंध नसतो. काही ठिकाणी एमएसआय नावाची तपासणी करतात. तीही त्याच कामाची.

हा रिपोर्ट रुग्णाच्या उपचारालाही लागतो. प्रोटीन नसलेल्या गाठींवर, आजार पसरलेला असताना, इम्युनोथेरपी चांगली लागू पडते. त्यामुळे 'हे सगळं नंतर बघू' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

आयएचसी झालं नसेल तर ब्लॉक शोधा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, काडेपेटीपेक्षाही लहान. तो लॅबमध्ये असतो, अर्ज करून सही देऊन मिळतो. लॅबवाले ठरावीक वर्षंच ठेवतात, म्हणून आज विचारा. माणूस गेलेला असला तरी ब्लॉक असू शकतो. घरी आणलात तर पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. पाकिटावर नाव, तारीख, लॅबचा नंबर लिहून कपाटात ठेवा.

रक्ताची पाळी

गाठीवरून संशय आला की मग रक्त किंवा लाळ. तेही आधी आजारी माणसाचं. कारण साधं आहे. आजारी माणसात बिघाड नेमका कुठे आहे ते एकदा सापडलं, की बाकीच्यांत फक्त तेवढी एक जागा तपासायची, ती तपासणी पुष्कळ स्वस्त पडते आणि तिचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं स्वच्छ येतं. हे न करता निरोगी माणसाने अख्खं पॅनल, म्हणजे अनेक जनुकांची एकत्र तपासणी केली आणि काही सापडलं नाही, तर त्या 'नाही'वर भरवसा ठेवता येत नाही. घरातला बिघाड त्या पॅनलला न दिसणाराही असू शकतो.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचा विभाग आहे, तसंच काम टाटाच्याच खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रातही चालतं. खासगी हॉस्पिटलांतही आता जेनेटिक समुपदेशक बसतात. ऑनलाइन किट मागवून परस्पर तपासणी करू नका, असं माझं ठाम मत आहे. जाताना न्यायचं ते: वंशावळीचा कागद, गाठीचा पूर्ण रिपोर्ट (नुसतं शेवटचं पान नाही), कोलोनोस्कोपीचे (आतड्यात दुर्बीण घालून केलेल्या तपासणीचे) जुने रिपोर्ट, ब्लॉक, आणि घरातलं जास्त माहिती असलेलं एक माणूस. आमच्याकडून काकूला नेलं होतं. समुपदेशक मुलीने वंशावळ पाहून तिला तासभर विचारलं, आणि काकूला आणखी एक चुलत आत्या आठवली. टाटाच्या दिवसाला अख्खा दिवस धरा, डबा घेऊन जा.

भावाचा रिपोर्ट साडेतीन आठवड्यांनी आला. उत्तर तीन प्रकारचं येतं. पहिलं, आजार आणणारा बदल सापडला. दुसरं, सापडला नाही. तिसरं व्हीयूएस, म्हणजे बदल दिसतो पण तो बाधतो की नाही हे आजच्या माहितीवर ठरत नाही. या तिसऱ्यावर फार माणसं घसरतात. व्हीयूएसवरून कुणाचा अवयव काढू नये, आणि त्यावरून नातेवाइकांना निर्धास्तही करू नये. अशा वेळी देखरेख घराण्याच्या इतिहासावरून ठरते. दोनएक वर्षांनी परत विचारा, माहिती वाढते तसा तो शेरा बदलतो, बहुतेक वेळा निरुपद्रवीकडे.

भावाच्या एमएसएच२ मध्ये बदल सापडला. मग मी रक्त दिलं, बहिणीने दिलं. माझ्यात आहे, तिच्यात नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी माझ्यापेक्षा तीच जास्त रडली, 'मीच का सुटले' म्हणून. हे होतं, त्याची तयारी ठेवा. तिच्यासाठी त्याचा अर्थ असा की तिला या बदलामुळे वेगळी देखरेख नको, आणि तिच्या मुलांना ही तपासणी नको.

नातेवाइकांना सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. भावाची परवानगी आधी घेतली, कारण रिपोर्ट त्याचा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथून तो कुठे जाईल याचा नेम नाही, आणि उत्तर द्यायचं दडपण सगळ्यांसमोर येतं. मी पत्रं लिहिली, प्रत्येकाला वेगळं. मजकूर असा होता, हवा तर उतरवून घ्या:

'माझ्या भावाच्या तपासणीत एमएसएच२ नावाच्या जनुकात बदल सापडला आहे. तोच बदल आत्याच्या तपासणीतही निघाला. तुझ्या आईकडे किंवा वडिलांकडे तो असेल, तर तुझ्याकडे आलेला असण्याची शक्यता निम्मी, नसण्याची निम्मी. बदल आहे म्हणजे कॅन्सर आहे असं नाही. वेळेवर दुर्बिणीने तपासत राहिलं तर तो होण्याआधीच पुष्कळदा अडवता येतो. तपासणीला थोडंसं रक्त लागतं. सोबत भावाच्या रिपोर्टची झेरॉक्स आहे, जाताना ती न्यावीच लागते. करायची की नाही हे तू ठरव. करणार असशील तर मी सोबत येते.'

सात पत्रं गेली. चौघं आली. एका चुलत भावाने फोन करून 'आमच्या मुलीची सोयरीक चालू आहे, घरी काही पाठवू नकोस' म्हणून सांगितलं. मला वाईट वाटलं, पण त्याची भीती खोटी नाही. मी त्याला एवढंच म्हटलं की मुलगी बावीस वर्षांची आहे, तिला माहीत असणं हा तिचा हक्क आहे, कधी सांगायचं ते तू ठरव. पाठपुरावा सोडला नाही, वर्षातून एकदा विचारते. रक्त देण्याआधी ज्यांचा आरोग्यविमा आणि आयुर्विमा काढायचा राहिला असेल त्यांनी तो काढून घ्यावा. फॉर्मवर विचारलेलं काही लपवू मात्र नये.

लिंचसाठी अठराच्या आतल्या मुलांना सहसा तपासत नाहीत, त्यांना मोठं होऊन स्वतः ठरवू द्यायचं. एफएपीचं वेगळं. तिथे पॉलिप शाळेच्या वयात येऊ लागतात, आणि आतडं काढलं नाही तर चाळिशीच्या आसपास कॅन्सर जवळपास ठरलेला. म्हणून मुलांची तपासणी आणि दुर्बीण वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून सुरू करतात.

बदल निघाला, आता पुढे

एमएलएच१ किंवा एमएसएच२ मध्ये बदल असेल तर उभ्या आयुष्यात आतड्याचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण तिघांत एक ते दोघांत एक. एमएसएच६ आणि पीएमएस२ मध्ये कमी. एरवी पॉलिपचा कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात, लिंचमध्ये ते एकदोन वर्षांतही होतं. म्हणून कोलोनोस्कोपी दर एक ते दोन वर्षांनी. पहिल्या दोन जनुकांसाठी विशी-पंचविशीपासून, दुसऱ्या दोन जनुकांसाठी तीस-पस्तिशीपासून, आणि घरात कुणाला त्याहून लवकर झाला असेल तर आणखी आधी. फिनलंडमध्ये अशा घराण्यांना पंधरा वर्षं पाहिलं. दर तीन वर्षांनी दुर्बीण घालूनही कॅन्सरचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. ते २००० साली छापून आलं.

दुर्बिणीला लोक घाबरतात, खरं तर त्रास आदल्या दिवसाचा. आतडं नितळ झालं नाही तर तपासणी वाया जाते आणि पॉलिप सुटतो. लोहाची गोळी चालू असेल तर पाचसात दिवस आधी बंद करायची का ते विचारा, तसंच रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचंही. दोनतीन दिवस आधीपासून बियांचं काही नको: पेरू, टोमॅटो, तीळ, पालेभाजी बंद. आदल्या दिवशी शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत आणि सोलकढी नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. आतडं साफ करायला जी पावडर देतात, तिचं पाणी सांगितलेल्या वेळी सगळं संपवा, अर्धं टाकून देऊ नका. आणि ते पिऊन लोकलने डोंबिवलीहून परळला यायचं धाडस करू नका. मी आदल्या रात्री दादरला मैत्रिणीकडे राहते. गुंगीचं औषध देतात, म्हणून घरी न्यायला माणूस लागतोच.

बायकांनी गर्भपिशवीचं वेगळं विचारायचं. पाळी गेल्यावर एक थेंब जरी अंगावर गेला, किंवा मध्येच रक्त आलं, तर थांबायचं नाही. मुलं झाल्यावर, चाळिशीच्या पुढेमागे, गर्भपिशवी आणि अंडाशय काढून घेण्याचा पर्याय डॉक्टर मांडतात. मी गेल्या वर्षी काढले. सोपं नव्हतं, पाळी एकदम गेल्याचे त्रास झाले. आत्याचं पाहून मी ठरवलं, तुमचं तुम्ही डॉक्टरांशी बोलून ठरवा. ॲस्पिरिनचंही विचारा. लिंचच्या रुग्णांना दोन वर्षं रोज ६०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, तेव्हा पुढच्या वर्षांत आतड्याचे कॅन्सर कमी झालेले दिसले. पण पोटात व्रण किंवा रक्तस्रावाचा त्रास असेल तर ते धोक्याचं, परस्पर सुरू करायची गोळी नाही.

आमच्या नव्या कागदावर आता एकतीस नावं आहेत, त्यातली सतरा बायकांची. आत्याच्या मोठ्या मुलीत बदल निघाला नाही, धाकटीत निघाला. ती अठ्ठावीस वर्षांची आहे. येत्या शुक्रवारी तिची पहिली कोलोनोस्कोपी आहे, मी रजा टाकली आहे. गुरुवारी संध्याकाळी ती पनवेलहून दादरला येईल, शहाळी मी घेऊन ठेवते.